ग्रेस ऊर्फ मिझरी

देवळी, जि. वर्धा
६ जुलै २०२५

चि. काजल हिस अनुसया आत्याचे अ. आ. आणि जयभीम.

तुझी आई काल माझ्या दारात बसून रडली, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. तू तिला फोनवर सांगितलंस की मी नोकरी सोडून परत येते, आणि तिने काऊन म्हणून विचारल्यावर आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवलास. तिच्या म्हणण्याप्रमाणे आवाज चांगला येत होता. तुझ्या मागे कोंबडा आरवला, तोही तिला ऐकू आला.

मी फोन करणार नाही. फोनवर तू रडशील, आणि मला रडणं ऐकत बसता येत नाही. कागदावर माणसाला वाक्य पूर्ण करावं लागतं. या पत्राचा फोटो काढून तुझा भाऊ अश्विन तुला पाठवील. तूही तसंच हाताने लिहून पाठव. जुने कागद सांभाळायचं शिक्षण घेतलेल्या मुलीकडे एक कोरा कागद निघेलच.

त्रिनिदादला जाऊन तुला एकोणीस महिने झाले. भिंतीवरच्या नकाशात शोधलं तर ते बेट तुरीच्या दाण्याएवढं निघालं. माझ्या बी. ए.च्या पुस्तकात सगळे वेस्ट इंडिज दीड पानात उरकले होते: आफ्रिकेतून माणसं नेली, ऊस लावला, साखर इंग्लंडला गेली, मग कायदा झाला आणि सगळे सुटले. इतक्या सहज कुणी सुटत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. कायद्याने आम्हीही सुटलेले होतो, आणि वसतिगृहात माझं ताट वेगळं ठेवत.

आता चार प्रश्न. तब्येत बिघडली आहे का? कुणी त्रास देतं का? कुणी आवडलं आहे का? असेल तर सरळ सांग, तुझ्या आईला मी सांभाळीन. की काम चुकलं आहे? या चारांतलं एक असणार.

लोभ आहेच. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मात्र त्याचा फेरविचार करावा लागेल.

तुझी,
अनुसया आत्या


त्रिनिदाद
१० जुलै २०२५

ति. आत्यास काजलचा स. जयभीम वि. वि.

तब्येत ठणठणीत आहे. आवडलेलं कुणी नाही. आईला हे जरा हळू सांग, ती निराश होईल. त्रास म्हणशील तर घरमालकीण. राजकुमारीबाई, वय सत्तर. त्यांचे खापरपणजोबा उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून करारावर ऊस तोडायला इथे आले. मी भारतातली म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी मला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की तुझं नेशन काय. इथले जुने हिंदू जातीला नेशन म्हणतात. मी म्हटलं, आम्ही बौद्ध. त्या म्हणाल्या, पण तू चिनी तर दिसत नाहीस. तेव्हापासून तो विषय त्यांनी सोडला. मात्र दर रविवारी एक सूचना असते: काळ्या लोकांच्या वस्तीत फार जात जाऊ नकोस, ते आपले नव्हेत. त्यांच्या तोंडचं ते ‘आपले’ ऐकून पहिल्यांदा मला इतकं हसू आलं की हातातली दालपुरी खाली पडली.

काम तुला ठाऊक आहे. एका जुन्या उसाच्या मळ्याचे कागद इथल्या एका खाजगी न्यासाकडे आले आहेत. मी ते साफ करते, फाटलेले जोडते आणि त्यांची सूची बनवते. त्यांत १८३२ सालची एक वही आहे, मळ्यावरच्या गुलामांची: नाव, वय, काम, मुलं. एकशे बारा माणसं. मागच्या पानांवर बैलांची यादी आहे, आणि बैलांची नावं जास्त मायेने ठेवलेली आहेत.

मळ्याला लागून असलेल्या टेकडीवर त्याच माणसांच्या वंशजांची चाळीस घरं आहेत. तिथल्या मिस इव्हाडनी, वय एकोणऐंशी, मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, दर गुरुवारी दप्तरखान्यात येऊन बसायच्या. माझ्यासाठी नारळाचा पाव आणायच्या. म्हणायच्या, मुली, तू त्या कागदाला ओल्या बाळासारखं उचलतेस. गेले पाच गुरुवार त्या आलेल्या नाहीत.

बाकी सर्व ठीक. आईला म्हणावं, काळजी करू नको. तुझी माया अशीच राहू दे, थोडा धाक कमी करून.

तुझी,
काजल


देवळी
१३ जुलै २०२५

चि. काजल, अ. आ.

छत्तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या. मुलाने सोडलेला प्रश्न मला लिहिलेल्याच्या आधी दिसतो. चौथ्याचं उत्तर कुठे आहे?

तुझ्या घरमालकिणीबद्दल. त्या लोकांचेही हाल झाले, हे मला मान्य आहे. पण गुलाम सुटल्यावर मजुरी वाढवून मागू लागले, म्हणून मळेवाल्यांनी बस्तीहून माणसं आणली. दोघांना एकमेकांविरुद्ध वापरणारा तिसरा होता, तो आपल्या घरी निघून गेला, आणि हे अजून एकमेकांकडे बघून नाकं मुरडत आहेत. आपल्याकडेही हिंगणघाटचा कापूस विलायतेला चढ्या भावाने गेला, तो अमेरिकेतल्या गुलामांचा कापूस लढाईने अडकला म्हणून. ही सगळी एकाच दुकानाची मागची दारं आहेत. राजकुमारीबाईंना हे सांग. सांगता येत नसेल तर निदान दालपुरी तरी नीट धर.

तुझ्या आईचा निरोप: पोरगी जेवून राह्यली का नाई, एवढंच विचारा. मी विचारलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. दर गुरुवारी पाव घेऊन येणारी म्हातारी पाच आठवडे येत नाही, आणि तू हे पत्राच्या शेवटी, आजचं हवामान सांगावं तसं सांगतेस. ती का येत नाही?

उत्तर आलं की माया आहे तेवढी सगळी पाठवीन. तोवर हप्त्याने.

अनुसया आत्या


त्रिनिदाद
१७ जुलै २०२५

ति. आत्यास स. जयभीम वि. वि.

काम चुकलं आहे. सगळं लिहिते.

१८३९ साली मळ्याच्या मालकिणीने मृत्युपत्रात ती टेकडी वहीतल्या माणसांना आणि त्यांच्या वंशजांना देऊन टाकली. मळ्याचे इंग्लंडमधले आजचे वारस ती टेकडी हॉटेलवाल्यांना विकायला निघाले आहेत. त्यांचं म्हणणं, त्या माणसांचा कुणी वंशज उरला असेल तर त्याने ते सिद्ध करावं. टेकडीवरच्या लोकांकडे कागद नाहीत. त्यांच्याकडे पाठ केलेली नावं आहेत. मिस इव्हाडनी डोळे मिटून म्हणतात: मिझरीची फीबी, फीबीची डायना, डायनाची अ‍ॅन्सी, अ‍ॅन्सीची कॉर्नेलिया, कॉर्नेलियाची मी. एक ऑगस्टला, गुलामी सुटल्याच्या दिवशी, सगळे सकाळी दफनभूमीत जमतात, नावं म्हणतात आणि एकेका नावाला जमिनीवर पाणी ओततात.

मिझरी म्हणजे दुर्दशा. मालक लोक गंमत म्हणून अशी नावं ठेवायचे. वहीत अशी चौदा आहेत. पुढे पाद्र्यांनी त्या चौदा जणांना बाप्तिस्मा देऊन दुसरी नावं दिली, ती शेजारच्या रकान्यात आहेत. मिझरीच्या पुढे ग्रेस लिहिलं आहे. सूची करताना मी ती चौदा नावं गाळली आणि फक्त बाप्तिस्म्याची घेतली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, दोनशे वर्षांनी तरी या बाईला कुणी शिवी देऊन हाक मारू नये.

आत्या, मी तुझंच केलं. कचरू, धोंड्या, उकिरड्या अशी मुलं शाळेत आली की तू दाखल रजिस्टरात त्यांची दुसरी नावं लिहायचीस, ही गोष्ट मी लहानपणी तुझ्याकडून किती वेळा ऐकली असेल. माझी सगळ्यांत आवडती गोष्ट होती ती.

सूची छापली गेली. जूनमध्ये वारसांच्या वकिलाने ती न्यायालयात दाखवली आणि म्हणाला, मिझरी नावाची कुणी यात नाही, ग्रेस पाच आहेत, बाईंची पूर्वज ही दंतकथा आहे. मिस इव्हाडनी तिथे उभ्या होत्या. मी मागच्या बाकावर होते. दुसऱ्या दिवशी मी न्यासाच्या संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत सुधारू, दोन वर्षांनी; तोवर बाहेर बोलायचं नाही. वही त्यांनी कुलपात ठेवली आहे. तीत वेगळं लिहिलेलं आहे हे टेकडीवर कुणालाच माहीत नाही, म्हणून कुणी ती मागितलेलीही नाही.

माझा करार सप्टेंबरअखेर संपतो. नवा करायचा की नाही ते संचालकांच्या हातात. न्यायालयाची पुढची तारीख अकरा ऑगस्ट. त्याआधी मी तिकीट काढून आले, तर मला काहीच ठरवावं लागणार नाही.

हे वाचून रागावशीलच. रागावून झाल्यावर मला आपली म्हण.

काजल


देवळी
२१ जुलै २०२५

चि. काजल, अ. आ.

परत यायचं नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू आशा धरून बसणार नाहीस.

ती गोष्ट मी तुला अर्धीच सांगत आले. उरलेली आज सांगते.

१९७७ साली नत्थू नावाचा मजूर आपला मुलगा घेऊन शाळेत आला. मुलाचं नाव कचरू. मी धनंजय लिहिलं. नत्थू म्हणाला, बाई, कचरूच राहू द्या, याच्या आधीचे दोन गेले, म्हणून याच्या मायनं मुद्दाम ठेवलं. मी त्याचं ऐकलं नाही. मी चोवीस वर्षांची होते, बी. ए. होते, मला सगळं समजत होतं.

२०१० साली त्या धनंजयच्या मुलीला, मेघाला, डॉक्टरकीला जागा मिळाली. जात पडताळणीत कागद मागितले. गावच्या जन्मनोंदीत नत्थूचा मुलगा कचरू. शाळेच्या दाखल्यात धनंजय. मग हा धनंजय कोण, असं विचारून समितीने प्रकरण परत केलं. धनंजय माझ्याकडे आला. म्हणाला, बाई, हे तुम्हीच केलतं, एवढं लिहून द्या. माझ्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. बापाचा अर्ज नसताना नाव बदललं होतं, चौकशी लागली असती, पेन्शन अडकली असती. मी म्हटलं, बघते. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, तेव्हाही म्हटलं, बघते. निवृत्त झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र करून दिलं: धनंजय ऊर्फ कचरू, हा बदल माझ्या हातचा. दाखला निघाला. जागा केव्हाच गेली होती.

मेघा आता हिंगणघाटला औषधांचं दुकान चालवते. काल मी बसने तिच्याकडे गेले, हे तुला लिहू का म्हणून विचारायला. तिने चहा मागवला. मग, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, की बाई, तुम्ही वरीसभर काऊन थांबल्या होत्या. बापाने तिला हा विषय काढायची बंदी केली होती म्हणे. मी म्हटलं, भीती. तिने एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं, दिवसातून तीन वेळा घेजा म्हणून सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळली. म्हणाली, लिहा, नावानिशी लिहा, मले लाज नाई. अन् तुमच्या भाचीले सांगजा, बघते बघते म्हणू नको. तिथं कोणीतरी दाराकडे पाहून राह्यलं असते, मी पाहत होती.

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तो माझा हक्क नाही. तूही तिकडे विचारू नकोस.

आता तुझ्याबद्दल. नावं बदलायची ती आम्ही बदलली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बदलू. मला त्याची खंत नाही. माझी चूक ही की नवं लिहिताना जुनं पुसलं. एक ‘ऊर्फ’ लिहायला रजिस्टरात जागा होती. शिवाय आपण आपली नावं बदलली, ती आपल्या तोंडाने. तू ज्या बाईचं बदललंस तिला कुणी विचारलं? ते नाव मालकाच्या हातचं होतं. ते गाळून तू त्या बाईला वाचवलं नाहीस, मालकाला वाचवलंस. त्याचं अक्षर लपवलंस.

आधी टेकडीवर जा आणि त्या इव्हाडनीबाईंना तोंडावर सांग. वकिलाकडून त्यांना कळता कामा नये. मग प्रतिज्ञापत्र कर. सूची करतानाची तुझी कच्ची वही फाडली नसशीलच; तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू बसची तिकिटंही ठेवतेस. ती दे. संचालकांना लेखी कळव. नोकरी जाईल, जाऊ दे. आपल्या घरात नोकरी गेलेली माणसं पुष्कळ झाली, उपाशी कुणी मेलं नाही. आणि जे देशील त्याची चार्ज देताना करतात तशी यादी कर, सही घे, मला पाठव. आईला मी सांगितलं आहे. ती म्हणाली, करू द्या तिले, पण जेवू द्या.

माया सगळी पाठवली आहे. हप्ते संपले.

अनुसया आत्या


त्रिनिदाद
३ ऑगस्ट २०२५

ति. आत्यास स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी टेकडीवर गेले. मिस इव्हाडनी ओसरीवर मशीन चालवत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, म्हणून उभ्यानेच सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी मशीन थांबवलं आणि विचारलं, तिला त्या नावाची लाज वाटायची हे तुला कुणी सांगितलं?

कुणीच नाही, मी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पाद्र्याने ग्रेस नाव दिलं, ते मिझरीने चर्चमध्ये घेतलं आणि बाहेर येताना तिथेच ठेवलं. मळ्यावर ग्रेस म्हणून हाक मारली तर ती वळायचीच नाही. ज्याने नाव ठेवलं त्याने ते रोज सकाळी हजेरीला सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने म्हणावं, तरच ती जागची हलायची. त्यासाठी तिने फटके खाल्ले. घरात मुलींना हे सांगतात, म्हणून ते नाव पहिलं घेतात.

त्या रागावल्या होत्या, आत्या. म्हणाल्या, भर न्यायालयात त्यांनी तिला खोटी ठरवलं, आणि तू तिथे बसली होतीस, माझा पाव खाऊन. मला माफ कराल का, हे मी विचारलं नाही, कारण तू बजावलं होतंस. मग त्यांनी कच्ची वही वाचायला लावली. मिझरीच्या ओळीपुढे समासात मी मराठीत लिहिलं होतं: हे नाव गाळले, माणसाला असं नाव नको. अर्थ सांगायला लावला. दोनदा. मग म्हणाल्या, मूर्खपणा आहे, पण सुवाच्य अक्षरात आणि तारखेसकट आहे. आमच्या वकिलाला आवडेल.

तीस तारखेला संचालकांना लेखी दिलं. त्यांनी सांगितलं, तुझ्या भवितव्याचा विचार कर. मी म्हणाले, केला, म्हणूनच लेखी देते. त्यांनी टेबलावर हात पुढे केला, किल्ल्यांसाठी. एकतीसला प्रतिज्ञापत्र झालं, आणि मूळ वही न्यायालयात हजर करावी असा टेकडीवाल्यांचा अर्ज त्याच दिवशी दाखल झाला. अकरा तारखेला काय होईल ते कुणालाच माहीत नाही. तोवर मी इथून हलणार नाही. उभं केलं तर साक्ष देणार आहे.

राजकुमारीबाईंना बातमी माझ्याआधी कळली. म्हणाल्या, सांगतच होते मी, ते आपले नव्हेत म्हणून. मी म्हटलं, मावशी, तुमच्या खापरपणजोबांचं नावही अशाच एका यादीत आहे, जहाजाच्या, नेशनसकट. दोन्ही याद्या लिहिणारे एकाच मालकाचे कारकून. पगार थांबला म्हणून मी खोली सोडली. निघताना त्यांनी दालपुरी बांधून दिली, रागाने, पण दिली. आता मी मिस इव्हाडनींच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये झोपते. आईला सांग, इथे जेवल्याशिवाय कुणी उठू देत नाही.

परवा, एक ऑगस्टला, दफनभूमीत गेलो. घराघरांची नावं झाल्यावर मिस इव्हाडनी म्हणाल्या की ती चौदा आता हिने वाचावीत, हिनेच गाळली होती. मी वाचत गेले आणि ज्या घरचं नाव त्या घरचे लोक हात वर करून आहे म्हणत गेले, शाळेतल्या हजेरीसारखं. चौदांपैकी पाच नावांना कुणीच उत्तर दिलं नाही. त्या पाचांना सगळी टेकडी मिळून आहे म्हणाली. पाणी मी ओतलं.

यादी खाली आहे. आशीर्वाद असू दे, आणि मेघाताईंना माझा जयभीम कळव.

तुझी,
काजल

चार्ज यादी

दि. ३० जुलै २०२५, संचालकांकडे दिलं: दप्तरखान्याच्या किल्ल्या दोन. ओळखपत्र एक. सुती हातमोजे तीन जोड. चूक कबूल केल्याचं पत्र एक, पोच घेतली. पोच देताना त्यांनी वेळ लिहायचं टाळलं, ती मी लिहून घेतली: सकाळी अकरा वीस.

दि. २ ऑगस्ट २०२५, मिस इव्हाडनी यांच्याकडे दिलं: कच्ची वही एक, पानं ८८, कोणतंही पान फाडलेलं नाही. समासातल्या मराठी शेऱ्यांचं इंग्रजी भाषांतर, पानं सहा. प्रतिज्ञापत्राची प्रत एक. गाळलेली नावं चौदा, वय, काम आणि मुलांसकट, वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरात. त्यांतली नववी ओळ: मिझरी, बाप्तिस्म्याने ग्रेस, वय ३४, पहिली टोळी, ऊसतोड, मुलगी फीबी, वय ६.

देणार: काजल ताकसांडे.
मिळालं, मोजून घेतलं: इव्हाडनी, मिझरीच्या घरची.